चाळिशी उलटल्यावर पहिली इलेक्ट्रिक गिटार: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहिलं होतं की मोठ्या वयात इलेक्ट्रिक गिटार घेऊ बघणाऱ्यांनी प्रश्न पाठवावेत, तर इतके आले की ह्या महिन्याचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बरेच प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केलेत. नावं कोणाचीच छापत नाहीये, नुसता मोहल्ला लिहिलाय.

प्रश्न: ताई नमस्कार. वय ४३, बँकेत नोकरी. कॉलेजात असताना गिटारची फार हौस होती पण तेव्हा घरी मागायची सोय नव्हती, आता मुलगी बारावी झाली, संध्याकाळी थोडा वेळ मिळतो. बजेट १५,०००, त्यातच सगळं बसवायचंय. लष्करमधल्या एका दुकानात ११,००० चा कॉम्बो दाखवला, गिटार, छोटा अ‍ॅम्प, बॅग, पट्टा, पिक सगळं एकत्र. एक मित्र म्हणतो कॉम्बो अजिबात नको, ऑनलाइन ब्रँडेड घे. डोकं चक्रावून गेलंय. काय घेऊ? आणि दुकानात जाऊन बघायचं तरी काय, मला तर वाजवताच येत नाही. (थाटीपूर, ग्वाल्हेर)

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे म्हणून तिथूनच सुरू करते. वाजवता येत नाही म्हणजे पारखता येत नाही असं अजिबात नाही. डोळे, एक बोट, एक स्टीलची पट्टी आणि मोबाईलवरचा ट्यूनर एवढ्यावर बरंच काही कळतं, फक्त दुकानात अर्धा-पाऊण तास बसायची तयारी पाहिजे आणि दुकानदार घाई करायला लागला तरी लाजायचं नाही.

माझं मत आधीच स्पष्ट सांगते. ह्या बजेटमध्ये कुठल्या कंपनीची हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न हा की ही गिटार सहज दाबली जाते का आणि सुरात राहते का. मोठ्या वयात शिकायला लागलेली माणसं मी सोडून देताना पाहिली आहेत, आणि वय हे कारण फार क्वचित असतं, गिटार दाबायला कडक असते, पाच मिनिटांत बेसूर होते, आणि माणूस दोष देतो स्वतःच्या बोटांना की आता आपली बोटं वळत नाहीत, आपलं वय गेलं. ते बघून फार वाईट वाटतं, कारण हजार-बाराशे रुपयांच्या कामाने ती गिटार नीट झाली असती.

आता स्वस्त गिटारमध्ये पैसे नेमके कुठे वाचवलेले असतात ते समजून घ्या. बॉडी आणि नेक, म्हणजे डाव्या हातात धरायची लांब दांडी, मशीनवर कापून निघतात आणि स्क्रूंनी जोडतात, स्वस्त गिटारींचा जो नेहमीचा दोन शिंगांचा आकार तुम्हाला दिसेल तो फेंडर कंपनीच्या १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टरवरून आलेला, तो बनवणं आता कोणत्याही बऱ्या कारखान्याला अवघड नाही. आवाज पिकअपमधून येतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसाइतकी बारीक तांब्याची तार, वर पोलादी तार हलली की त्या गुंडाळीत वीज तयार होते आणि ती अ‍ॅम्पकडे जाते. हे सगळं आज स्वस्तातही ठीकठाक बनतं. जे स्वस्तात बनत नाही ते शेवटी माणसाने बसून केलेलं काम, फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं घासायची, नटच्या (तो काय ते पुढे सांगते) खाचा बरोबर खोल करायच्या, नेकचा बाक बघायचा, तारांची उंची लावायची. ह्याला सेटअप म्हणतात, आणि स्वस्त गिटारमध्ये हाच वेळ वाचवलेला असतो. पण हा वेळ आपण इथे विकत घेऊ शकतो, रेडीमेड पँट घेतली तरी लांबी कमी करून घेतोच की.

दुकानात गेल्यावर आधी नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात हळूच फिरवा, फ्रेटची टोकं बोचत असतील तर घासून घ्यावी लागतील. मग गिटार डोळ्यासमोर धरून डोक्याकडून बॉडीकडे नेकच्या कडेने बघा, किंचित बाक असतोच आणि असावाच, पण पिळवटलेली दिसली तर ती खाली ठेवून द्या, तिचं काही करता येत नाही. मग बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरून तारेची उंची मोजा. सगळ्यात जाड तारेखाली साधारण २ मिलीमीटर आणि सगळ्यात बारीक तारेखाली दीड असेल तर उत्तम. ३ च्या वर असेल तर दुकानदाराला ब्रिजवरचे, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागावरचे, स्क्रू फिरवून खाली घ्यायला सांगा, आणि स्क्रू आधीच पार खाली गेलेले असून तार अजून उंच असेल तर ती गिटार घेऊ नका.

नट कोणी बघत नाही आणि नवशिक्याला सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. नेकच्या वरच्या टोकाला खाचा असलेली जी छोटी पांढरी पट्टी असते ती नट. एक एक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट उरते ते बघा. केसाएवढी फट असली तर छान. चांगली मोठी फट दिसत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत, म्हणजे पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तार दाबायला जोर लागणार आणि वर सूरही चढा लागणार, आणि नवशिक्याचे पहिले सहा महिने त्याच दोन-तीन फ्रेटवर जातात! खाच खोल करणं हे जाणकार माणसाचं दहा मिनिटांचं काम आहे, पण घरी स्वतः कानस घेऊन बसू नका, जास्त खोल गेली की नट बदलावा लागतो.

त्यानंतर मोबाईलवर ट्यूनर लावून सहाही तारा सुरात लावून घ्या, प्रत्येक तार बोटाने जरा वर ओढा, परत बघा. नवीन तार थोडी उतरतेच, दोन-तीनदा लावल्यावर थांबली पाहिजे. नाही थांबली तर चाव्या ढिल्या आहेत किंवा तार नटमध्ये अडकतेय. मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा, मोकळ्या तारेचा वरचा सा बरोबर लागला पाहिजे, थोडा कमी-जास्त असेल तर ब्रिजवरून दुरुस्त होतो, फार असेल तर विचारा का. शेवटी प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट एकदा वाजवा, हो सगळे, कुठे तार खडखडते किंवा आवाज मरतो ते कळेल. अ‍ॅम्पला लावून स्विच सगळ्या जागांवर फिरवा, दोन्ही-तिन्ही नॉब फिरवून खरखर ऐका, केबलचा जॅक हलवून बघा.

कॉम्बोबद्दल. मला कॉम्बो सरसकट वाईट वाटत नाही, त्यातली गिटार वरच्या सगळ्या परीक्षेत पास झाली तर घ्यायला हरकत नाही. बहुतेकदा कमजोर असतो तो अ‍ॅम्प, छोट्याशा डब्यात छोटा स्पीकर, आवाज पत्र्यासारखा. दुकानदाराशी बोलून बघा की अ‍ॅम्प काढून किती कमी करता आणि त्या किमतीत सेटअप करून देता का. माझा झुकाव दुकानाकडेच आहे, कारण हात लावून घेता येते आणि आठवड्याने काही निघालं तर त्याच माणसाच्या समोर जाऊन उभं राहता येतं. ऑनलाइन घेतलीत तर परत करायची मुदत आधी वाचा, पेटी उघडल्या दिवशीच वरचं सगळं तपासा, खोका फेकू नका.

ब्रँड म्हणाल तर यामाहाची पॅसिफिका ०१२, आयबनेझची जिओ सिरीज, स्क्वायरची सॉनिक, कॉर्टच्या सुरुवातीच्या गिटारी, ह्या सगळ्या विश्वासाच्या आहेत आणि पुढे विकायला गेलात तर पैसेही बरे येतात. पण अ‍ॅम्पसकट १५,००० मध्ये ह्या बसवणं कठीण जातं, सेकंडहँडमध्ये जमू शकतं, तो प्रश्न पुढे आहे. भारतीय ब्रँडही आता कमी पैशात बऱ्या गिटारी देतात, तिथे एकाच मॉडेलचे दोन नग वेगळे निघू शकतात म्हणून हातात घेऊन बघणं जास्त गरजेचं. मी तुमच्या जागी असते तर ९-१० हजार गिटारला, ३ ते साडेतीन हजार अ‍ॅम्पला, हजार-बाराशे सेटअप आणि नवीन तारांच्या सेटला आणि उरलेले केबल, पट्टा, पिकला, असं धरून निघाले असते. सेटअपचे पैसे सगळ्यात आधी बाजूला काढा. दुकानात ते उरत नाहीत, नेहमी अजून थोडी भारी गिटार दिसते आणि ते पैसे तिकडे जातात.

अजून एक, ब्रिज. पहिल्या गिटारला सूर हलवायचा दांडा आणि तारांना दोन्हीकडे कुलूप असणारा फ्लॉइड रोज ब्रिज घेऊ नका, तार बदलायलाच अर्धी संध्याकाळ जाते. साधा दांडा असलेली चालेल, दांडा काढून बॅगेत ठेवा. पिकअपमध्ये ब्रिजजवळ एक जाड हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) आणि बाकी दोन सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) अशी मांडणी मिळाली तर घ्या, जुनी हिंदी गाणी, ब्लूज, रॉक, सगळं त्यात होतं. आणि पट्टा लावून दहा मिनिटं उभे राहून बघा, काही गिटारी ४ किलोच्या वर जातात, दिवसभर खुर्चीत बसलेल्या पाठीला आणि खांद्याला ते लगेच कळतं.

प्रश्न: ताई, माझं वय ५६, लहानपणापासून गाणं शिकलेय, घरी हार्मोनियम आहे. नातू गिटार वाजवतो ते बघून मलाही वाटायला लागलं. सगळे म्हणतात आधी अकुस्टिक शिका, बोटं तयार होतील, मग इलेक्ट्रिक. माझे हात लहान आहेत. आणि आपल्या ग्वाल्हेरात राहून इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की ओळखीचे लोक हसतात. (शिंदेंची छावणी)

उत्तर: ताई, आधी अकुस्टिक हा सल्ला लोक मनापासून देतात पण तुमच्यासाठी तो उलटा आहे. अकुस्टिकवर नेहमी बारा नंबरचा सेट असतो, म्हणजे पहिली तार इंचाचा बारा हजारावा भाग जाड. इलेक्ट्रिकवर नऊ नंबरचा सेट चालतो, आणि दोन्ही सेटचा एकूण ताण बघितला तर अकुस्टिकचा जवळजवळ दुप्पट भरतो. त्यात अकुस्टिकची बॉडी जाड, उजवा हात तिच्यावरून टाकून बसायचं म्हणजे खांदा वर उचलला जातो. इलेक्ट्रिकची बॉडी पातळ, नेक बारीक, तार मऊ. ज्याला जे वाद्य ऐकायला आवडतं त्याने तेच शिकावं, बोटं कुठल्याही गिटारवर तयार होतात, दोन-तीन आठवडे टोकं दुखतात मग कातडी जाड होते. डाव्या हाताची नखं मात्र अगदी कापलेली ठेवावी लागतील.

लहान हातांसाठी एक गोष्ट बघून घ्या, तारेची लांबी, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतचं अंतर. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीत ते साडेपंचवीस इंच, गिब्सनच्या लेस पॉल पद्धतीत पावणेपंचवीस, आणि मस्टँग नावाचा जो आकार आहे त्यात २४. लांबी कमी तसे फ्रेट जवळ येतात आणि तारही थोडी सैल लागते. स्क्वायर सॉनिकमध्ये मस्टँग येते, मिळाली तर हातात घेऊन बघा. पण साडेपंचवीस इंचाची मिळाली म्हणून घाबरू नका, लहान हाताची पुष्कळ माणसं तीच वाजवतात.

आणि हसणाऱ्यांचं काय मनावर घ्यायचं. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून यादीत घेतलं, तानसेनांच्या समाधीजवळ दर वर्षी समारोह होतो, सरोद घराण्याचं घर इथे जिवाजी गंजात आहे, आणि सरोद तरी कुठून आलं, अफगाण रबाबवरून बदलत बदलत आलं. बाहेरून आलेलं वाद्य आपलंसं करणं हे ह्या गावाला नवीन नाही. तुमचं गाणं तर इथे फार उपयोगी पडेल, कान तयार आहे म्हणजे अर्धं काम झालंय. हार्मोनियमसारखेच गिटारचेही सूर बारा समान भागात बांधलेले, तिकडे पट्टी तशी इकडे फ्रेट, फक्त हार्मोनियमवर मींड निघत नाही आणि इलेक्ट्रिकच्या बारीक तारेवर निघते, तार फ्रेटवर दाबून बाजूला ओढली की ग वरून म वर छान जाता येतं. कॉर्डच्या मागे लगेच धावू नका, पहिला महिनाभर एका तारेवर तुमचे पाठ असलेले अलंकार काढा, मग दोन तारांवर. कॉर्ड शिकवणारे शिक्षक कदाचित म्हणतील हे कशाला, त्यांना नम्रपणे सांगा की मला असं हवंय.

प्रश्न: नवीन गिटार घेतली, अ‍ॅम्पला लावली की सतत घूं असा आवाज येतो. तारेला हात लावला की कमी होतो. लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर आलं की फारच वाढतो. दुकानदार म्हणतो असंच असतं. खरं आहे का? (मुरार)

उत्तर: अर्धं खरं आहे. सिंगल कॉइल पिकअप आसपासच्या विजेचा आवाज उचलतोच, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तीच घूं. पंख्याचा रेग्युलेटर, मोबाईल चार्जर, स्वस्त एलईडीचे ड्रायव्हर, हे बंद करून आणि गिटार अ‍ॅम्पपासून दोन-तीन हात लांब नेऊन, दिशा बदलून बघा, फरक लगेच कळेल. ह्याच त्रासासाठी गिब्सन कंपनीत सेठ लव्हर नावाच्या माणसाने १९५५ मध्ये हंबकर बनवला, दोन गुंडाळ्या उलटसुलट, एकीचा घूं दुसरी मारते आणि तारेचा आवाज मात्र राहतो. तुमच्या गिटारला ब्रिजकडे जाड पिकअप असेल तर स्विच तिकडे टाका. हात लावल्यावर घूं कमी होतो ते ठीक आहे, गिटारच्या आतली अर्थची वायर बरोबर जोडलेली आहे एवढंच त्यातून कळतं.

इन्व्हर्टरचं असं की स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतात, त्यातून अ‍ॅम्पमध्ये भणभण येते, प्युअर साइन वेव्ह लिहिलेल्या इन्व्हर्टरवर ती कमी असते. लाइट गेल्यावर हेडफोनवर किंवा नुसतीच, अ‍ॅम्पशिवाय, वाजवा.

पण एक गोष्ट कृपा करून हलक्यात घेऊ नका. गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि तुमचे हात सतत त्या तारांवर असतात. कधी बोटाला झिणझिण्या आल्या, किंवा दुसऱ्या हाताने माइकला, कूलरला शिवल्यावर झटका बसला, तर वाजवणं तिथेच थांबवा, मेन स्विच बंद करा, इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या बोर्डची अर्थिंग तपासा. जुन्या घरांमध्ये तीन भोकांचा सॉकेट असतो पण अर्थची तार आत जोडलेलीच नसते, हे फार ठिकाणी आहे. आणि थ्री पिन प्लगची जाड पिन तोडून दोन पिनमध्ये लावणं, घूं कमी होतो म्हणून कोणी असं सुचवलं तर ऐकू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचं पाणी खोलीत सांडलेलं असतं, अनवाणी ओल्या फरशीवर गिटार वाजवू नका.

प्रश्न: होस्टेल सोडणारा एक मुलगा गिटार विकतोय, वर गिब्सन लिहिलंय, ८,००० सांगतोय. घेऊ का? (गोले का मंदिर)

उत्तर: आधी नीट वाचा, गिब्सन लिहिलंय की गिवसन. गिवसन हा भारतीय ब्रँड आहे, त्यांच्या गिटारी अगदी वेगळ्या किमतीच्या, आणि तसं असेल तर ८,००० जास्त होतात, अ‍ॅम्प बरोबर देत असेल तर बोला. खरंच गिब्सन लिहिलं असेल तर ८,००० मध्ये खरी गिब्सन कोणी विकत नाही, ती नक्कल आहे असं धरून चाला आणि नक्कल म्हणून तिची किंमत करा. मुलाला दोष देत नाही, त्यालाही कोणी तरी तशीच विकली असेल.

सेकंडहँड घेणं मला स्वतःला आवडतं, त्याच पैशात एक पायरी वरची मिळते. वरच्या थाटीपूरच्या उत्तरातलं सगळं तपासा आणि शिवाय हे बघा: फ्रेटवर तारांच्या खाली खड्डे पडलेत का, थोडे चालतील, खोल असतील तर फ्रेट घासणं किंवा बदलणं हा मोठा खर्च. नटच्या मागे, जिथे डोकं नेकला मिळतं, तिथे चीर किंवा चिकटवल्याची रेघ आहे का, टॉर्च लावून बघा, गिटार पडली की तिथेच मोडते. ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या बाक कमी-जास्त करायच्या सळईचा, फिरवायचा नट (खाचांचा नट वेगळा) फिरतो का, तो अडकलेला किंवा आतून घासून गोल झालेला असेल तर सोडून द्या. नॉब खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या स्प्रेने बहुतेक वेळा जातं, तेवढ्यासाठी चांगली गिटार सोडू नका, पण भाव कमी करून घ्या. गंजलेल्या तारांचं काही नाही, त्या तर बदलायच्याच.

प्रश्न: घरात सासरे लवकर झोपतात, मुलगा अभ्यासाला बसतो. रात्री दहानंतरच वेळ मिळतो. ब्लूटूथ हेडफोन आहेत, त्यावर चालेल का? होम थिएटरला गिटार लावली तर? (सिटी सेंटर)

उत्तर: ब्लूटूथने नाही चालणार, त्यात आवाज थोडा उशिरा येतो, गाणं ऐकताना कळत नाही पण वाजवताना हात पुढे आणि आवाज मागे असं होतं, ताल शिकणाऱ्याचा ताल बिघडतो. तार असलेला साधा हेडफोन घ्या. होम थिएटरला सरळ लावलीत तर आवाज बसका येतो, कारण गिटारच्या पिकअपला साधारण एक मेगाओमचं इनपुट लागतं आणि तिथे ते नसतं.

तुमच्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे गिटारच्या जॅकमध्येच खोचायचा छोटा हेडफोन अ‍ॅम्प, वॉक्सचा अ‍ॅम्पप्लग येतो, तशा आणखी कंपन्यांचेही येतात. मोठा अ‍ॅम्प नंतर घ्या, सध्या लागतच नाही. घरात लॅपटॉप असेल तर ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडायचा छोटा डबा) आणि फुकट मिळणारे अ‍ॅम्पचे सॉफ्टवेअर हाही रस्ता आहे, आवाज फार सुंदर येतो, पण दिवसभराच्या कामानंतर रात्री दहाला लॅपटॉप उघडून सेटिंग करत बसलात तर वाजवायचं राहून जाईल. खोचा आणि वाजवा असं काही तरी हवं. आणि अ‍ॅम्पशिवाय नुसती इलेक्ट्रिक वाजवली तर दाराबाहेर फारसं ऐकूही जात नाही, बोटांच्या सरावाला तेवढं पुरतं.

प्रश्न: मी डावखुरा आहे. डावी गिटार घेऊ की उजवी? (हजिरा)

उत्तर: हवेत गिटार वाजवल्यासारखं करून बघा, विचार न करता कुठला हात तारा छेडतो. डावा आला आणि जोरात आला तर डावी, पण आपल्याकडे दुकानात डाव्या गिटारी फार कमी दिसतात, मागवाव्या लागतात, सेकंडहँड जवळजवळ नाहीच. फारसा फरक वाटत नसेल तर उजवीच घ्या, दोन्ही हातांना शिकायचंच आहे. उजव्या गिटारच्या तारा उलट्या लावून देतो असं कोणी म्हणालं तर नको, नटच्या खाचा जाड-बारीक तारांप्रमाणे कापलेल्या असतात आणि नॉब हाताखाली येतात.

प्रश्न: दिवाळीत घेतलेली गिटार छान होती, मे महिन्यात फ्रेट हाताला बोचायला लागले आणि तार खडखडते. फसवलं का? आणि ठेवायची कुठे? (कंपू)

उत्तर: फसवलं नाही, हा आपला उन्हाळा आहे. पारा पंचेचाळीसच्या आसपास, हवा पार कोरडी, फ्रेटबोर्डचं लाकूड रुंदीला आक्रसतं आणि धातूचा फ्रेट तेवढाच राहतो, म्हणून टोकं बाहेर येतात. नेकचा बाकही कमी होतो म्हणून खडखड. टोकं एकदा जाणकाराकडून घासून घ्या, एका उन्हाळ्यात घासली की पुढच्या उन्हाळ्यात सहसा परत त्रास होत नाही. खडखडीसाठी ट्रस रॉड थोडा सैल करावा लागेल, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, मग तारा परत सुरात लावून बघायचं, अंदाज नसेल तर पहिल्यांदा कोणाकडून तरी करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. इथे एक सांगते, सतार-हार्मोनियम दुरुस्त करणारे सगळेच गिटारच्या ट्रस रॉडचं काम करतात असं नाही, आधी विचारा की आतापर्यंत केलंय का, आणि नाही म्हणाले तर त्यांचा मान ठेवून दुसरीकडे न्या.

ठेवायची आतल्या भिंतीला, स्टँडवर किंवा बॅगेत. गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत नको, बंद गाडीत तर अजिबात नको, आणि कूलरच्या झोतासमोर नको, दिवसा सुकी हवा आणि रात्री कूलरची ओली हवा असं रोज झालं तर लाकूड सारखं फुगतं-आक्रसतं आणि तारा गंजतात ते वेगळंच. फ्रेटबोर्ड गडद लाकडाचा असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला तारा बदलताना लेमन ऑइलचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसा आणि लगेच कोरडं करा. मेपलच्या चकचकीत पॉलिश केलेल्या बोर्डला तेल लावायचं नाही. वाजवून झाल्यावर तारा सुक्या कापडाने पुसायची सवय लावा, घामाने त्या लवकर काळ्या पडतात. रोज वाजवणाऱ्याने दोन-तीन महिन्यांनी सेट बदलावा, डॅडारिओ किंवा एर्नी बॉलचा नऊ-बेचाळीसचा (सगळ्यात बारीक तार नऊ नंबरची, सगळ्यात जाड बेचाळीसची) सेट मागा, सहाही तारा एकदम काढून नेक मोकळी सोडण्यापेक्षा एक काढून एक लावत गेलात तर नवशिक्याला सोपं जातं.